‘गेला’ की ‘गेले’? : रसिकांच्या शोकाचे व्याकरण

१६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत बेर्डे यांचे मुंबईत निधन झाले. हे वाक्य वृत्तपत्राचे आहे. त्याच दिवशी महाराष्ट्रातील घराघरांत, एसटीच्या थांब्यांवर आणि लोकलच्या डब्यांत जे वाक्य तोंडोतोंडी झाले, ते याहून पुष्कळ लहान होते : ‘लक्ष्या गेला.’ दोन्ही वाक्ये एकच बातमी सांगतात. परंतु दुसरे वाक्य उच्चारणाऱ्याला पहिल्या वाक्यात टाळता आलेली एक गोष्ट टाळता येत नाही. मृताशी आपले नाते काय, हे त्याला क्रियापदाच्या अखेरच्या स्वरातच सांगावे लागते.

मराठीच्या भूतकाळी अकर्मक क्रियापदाला कर्त्याचे लिंग आणि वचन धारण करावे लागते, आणि वचन हे संख्येप्रमाणेच आदराचेही वाहन असते, हे व्याकरणाच्या प्राथमिक वर्गातच शिकविले जाते. ‘गेला’ आणि ‘गेले’, ‘गेली’ आणि ‘गेल्या’ या जोड्यांपैकी एकाची निवड केल्यावाचून मराठी माणसाला कोणाच्याही मृत्यूची वार्ता क्रियापदाने देता येत नाही. तटस्थ राहण्याची सोय इंग्रजीत आहे; मराठीत नाही. वृत्तपत्रे ही अडचण नामाचा आश्रय घेऊन सोडवितात. ‘निधन’ हे नाम नपुंसकलिंगी असल्यामुळे ‘निधन झाले’ या रचनेत क्रियापद मृताशी जुळतच नाही. आदर ‘यांचे’ या एका शब्दात गोळा होतो आणि उरलेले वाक्य निर्विकार राहते. शासकीय शोकसंदेशांना आणि संपादकांना ही रचना प्रिय असावी यात नवल नाही. रसिक मात्र दुःखाच्या पहिल्या क्षणी नामाने बोलत नाही. तो क्रियापदाने बोलतो.

लोकप्रिय कलावंतांच्या मृत्यूनंतर रसिकांना होणाऱ्या शोकाकडे आपल्याकडे दोन तऱ्हांनी पाहिले जाते. एक तर ती समूहाची भावविवशता म्हणून किंचित उपहासाने बाजूला सारली जाते, नाही तर ‘अवघा महाराष्ट्र हळहळला’ अशा वाक्यात गुंडाळून टाकली जाते. ‘काळाच्या पडद्याआड’, ‘चटका लावून जाणारी एक्झिट’, ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ या शब्दप्रयोगांचा शिक्का इतका झिजलेला आहे की त्यांवरून शोकाविषयी काहीच अनुमान काढता येत नाही. (यांपैकी ‘एक्झिट’ हा शब्द नटाच्या बाबतीत निदान त्याच्या व्यवसायातला तरी आहे, बँकेच्या निवृत्त अधिकाऱ्याच्या बाबतीतही तो वापरलेला आढळतो तेव्हा रूपकाचे प्रेतच उरते.) प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की रसिकाचा शोक या शब्दसमूहांत शोधू नये. तो क्रियापदाच्या वचनात, नावाच्या प्रत्ययात आणि नातेवाचक शब्दात शोधावा. आणि तो तेथे नेमका ओळखावयाचा असेल तर बोलणाऱ्याची रोजची बोली आधी ठाऊक असली पाहिजे.

रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिल्मन यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील द्वितीयपुरुषी सर्वनामांचा विचार करताना सत्ता आणि समभाव ही दोन तत्त्वे पुढे मांडली. वरिष्ठाला आदरार्थी रूप, कनिष्ठाला एकेरी. जवळच्याला एकेरी, परक्याला आदरार्थी. मराठीला ही चौकट स्थूलमानाने लागू पडते, परंतु मराठीत आदर सर्वनामापाशी न थांबता तृतीयपुरुषी क्रियापदापर्यंत पोहोचतो. त्यामुळे ज्याच्याशी कधीच बोलता येणार नाही अशा व्यक्तीविषयीही, आणि मृताविषयीही, नात्याची ग्वाही द्यावी लागते. प्रमाण मराठीत ‘आई गेली’ असे म्हणतात, ‘वडील गेले’ असे म्हणतात. आई एकेरी, वडील अनेकवचनी, देवही एकेरीच. विठोबाला ‘तुम्ही’ म्हणणारा वारकरी भेटावयाचा नाही. म्हणजे प्रमाण मराठीतील एकेरी रूप हे केवळ कनिष्ठत्वाचे चिन्ह नव्हे. लेकराला, आईला आणि देवाला, म्हणजे अत्यंत खालच्याला आणि अत्यंत जवळच्याला, ते सारखेच लागू पडते. ‘लक्ष्या गेला’ म्हणणारा पुणेकर वा मुंबईकर प्रेक्षक बेर्डे यांना या वर्गात नेऊन बसवितो. जिवंतपणी पडद्यावरील त्याच लक्ष्याला एखादी बाई हसता हसता ‘मेल्या’ म्हणत असे, हेही याच वर्गाचे लक्षण. आणि तो खरोखर गेला तेव्हा ‘मरणे’ हा धातू तिने जिभेवर येऊ दिला नसावा, हेही.

येथपर्यंतचे विवेचन प्रमाण मराठीपुरते खरे आहे. आता कसाऱ्याकडे वळावयाचे.

कसाऱ्याचीच निवड का, हे सांगणे अवश्य आहे. शहापूर तालुक्यातील हे स्थानक मुंबईच्या उपनगरी रेल्वेचे ईशान्येकडील शेवटचे टोक. मुंबईपासून सुमारे १२० किलोमीटर. येथून पुढे थळ घाट चढून गाडी इगतपुरीस जाते. हा घाट लोहमार्गाने जोडला गेला तो १८६५ मध्ये. स्थानकाच्या भोवती आणि दक्षिणेस मुरबाड तालुक्यापर्यंत कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशा समाजांची गावे व पाडे आहेत, आणि त्यांच्या बोली प्रमाण मराठीपासून कमीअधिक अंतरावर आहेत. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये निघालेल्या सातव्या खंडात जुन्या ठाणे जिल्ह्यातील या बोलींचे नमुने संगृहीत आहेत. त्या सर्वेक्षणासाठी निवडलेली कथा बायबलमधील उधळ्या पुत्राची. तीत मेलेला मुलगा पुन्हा जिवंत झाला असे बापाचे उद्गार येतात. परंतु भाषांतरित कथेतल्या मृत्यूवरून शोकाची बोली कळत नाही. कसाऱ्यात सकाळच्या लोकलने कामावर जाणारा तरुण दिवसभर कचेरीची प्रमाणभाषा ऐकतो, दूरचित्रवाणीची ऐकतो, आणि रात्री पाड्यावर परतून दुसऱ्याच व्याकरणात बोलतो. दोन आदरव्यवस्था एकाच तोंडात नांदताना पाहावयाच्या असतील तर याहून सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

उत्तर कोकणातील बोलींमध्ये आदरार्थी अनेकवचनाचा वापर प्रमाण मराठीच्या मानाने बराच कमी आहे. बापाला, आजोबाला, गावच्या वडीलधाऱ्याला एकेरीत संबोधणे तेथे उद्धटपणाचे नाही. ती भाषेची सामान्य स्थिती आहे. ‘वडील गेले’ या प्रमाण रूपाच्या जागी ‘बाप गेला’ हे रूप तेथे दुःखाने, आणि पूर्ण आदरानेही, उच्चारले जाते. यावरून जो निष्कर्ष निघतो तो आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पुण्याच्या प्राध्यापकाने ‘लक्ष्या गेला’ म्हटले तर त्याने आपल्या नेहमीच्या व्याकरणातून एक पाऊल बाहेर टाकले. ते पाऊल म्हणजेच त्याचा शोक. मुरबाडकडच्या पाड्यावरील म्हाताऱ्याने तेच वाक्य उच्चारले तर त्याने वचनाच्या बाबतीत काहीच वेगळे केलेले नाही. शब्द तेच, पण चिन्ह म्हणून त्यांचे मूल्य भिन्न. उलट तोच म्हातारा ज्या मोजक्या मृतांविषयी ‘गेले’ असे अनेकवचन योजतो, तेथे त्याचे पाऊल बाहेर पडलेले असते, आणि ते कोणत्या नावांपाशी पडते हे पाहण्याजोगे ठरते. ब्राउन-गिल्मन यांची चौकट रूपांचे अर्थ सांगते. एखादे रूप बोलणाऱ्याच्या तोंडी कितपत अपेक्षित होते याचा हिशेब तिच्यात पुरेसा नाही, आणि शोकाच्या अभ्यासात तर सारे काही या अपेक्षेवरच अवलंबून असते.

वचनाला लागूनच नावाचा प्रश्न येतो. ‘लक्ष्या’ हे रूप कसे सिद्ध झाले? मूळ नावाचा आरंभ ठेवावयाचा, उरलेले गाळावयाचे आणि ‘या’ जोडावयाचा : गणेशचा गण्या, परशुरामचा पर्श्या. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’ या चित्रपटात बेर्डे यांनी साकारलेला, पुढे पार्वतीचे सोंग घेणारा, परशुराम याच साच्यातला. शहरी मराठीत हा प्रत्यय लघुत्वाचा आहे. तो लाडाचाही असतो आणि तुच्छतेचाही, संदर्भावर अवलंबून. ठाकूर, कातकरी, वारली समाजांत मात्र ‘या’ने संपणारे नाव हे पुष्कळदा पुरुषाचे पूर्ण, कागदोपत्री नाव असते. १९३० च्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहातील हुतात्मा नाग्या महादू कातकरी, किंवा २०१८ मध्ये निवर्तलेले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे, ही नावे आठवावी. यांतील ‘नाग्या’ आणि ‘जिव्या’ ही लाडाची संक्षिप्त रूपे नव्हेत. तेव्हा जे नाव दादरच्या नाट्यगृहात खोडकर, मित्रत्वाचे वाटते, ते कसाऱ्याच्या वरच्या पाड्यावर शेजारच्या घरातील कर्त्या पुरुषाचे वाटण्याचा संभव आहे. हे माझे अनुमान आहे. परंतु बेर्डे यांची लोकप्रियता आदिवासी पाड्यांपर्यंत ज्या सहजतेने पोहोचली, तिच्या कारणांत हे एक छोटे ध्वनिरूपी कारणही गणण्यास हरकत नसावी.

नातेवाचक शब्दांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. मराठी रसिकाने आपल्या कलावंतांना दिलेली नावे पाहिली तर बहुतेक वडील भावंडांची आढळतात : दादा, भाऊ, भाई, अण्णा, ताई, दीदी. निळू फुले हे निळूभाऊ, वामन कर्डक हे वामनदादा, पु. ल. देशपांडे हे भाई. आणि १४ मार्च १९९८ रोजी दिवंगत झालेले कृष्णा कोंडके तर जन्मनावाने ओळखलेच जात नाहीत, ‘दादा’ हेच त्यांचे नाव. सुधीर फडके यांना लोक ‘बाबूजी’ म्हणत, असे अपवाद आहेत, पण ते अपवादच. वडील भावंडाला मराठी घरात जे स्थान आहे ते मोठे सोयीचे असते. तो मान्य असतो पण दूरचा नसतो. त्याला काही घरांत ‘तू’ म्हणतात, काही घरांत ‘तुम्ही’. म्हणूनच ‘दादा गेला’ आणि ‘दादा गेले’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत आणि दोन्ही शोकाची आहेत. कोंडके यांच्या बाबतीत तर एक चमत्कारिक विसंगती होती. ‘सोंगाड्या’ (१९७१) पासून पडद्यावर त्यांनी रंगविलेला भोळा गावंढळ नायक हा सगळ्यांनी ‘अरे-तुरे’ करावा असा. त्या नायकाला हसणारा प्रेक्षक मात्र नटाचे नाव उच्चारताच वडील भावाला हाक मारीत असे.

‘दीदी’ हा शब्द मुळात मराठी नव्हे. मराठीतील शब्द ताई अथवा अक्का. मंगेशकर भावंडांतच पाहा : आशाताई, उषाताई, परंतु लतादीदी. अभिनेत्री सुलोचना याही सुलोचनादीदी. उत्तरेकडून आलेल्या या शब्दाने मराठी घरातल्या ताईपेक्षा किंचित वरची, अखिल भारतीय अशी पायरी निर्माण केली असे मला वाटते. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर यांचे वयाच्या ९२व्या वर्षी निधन झाले तेव्हा दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळण्यात आला आणि शिवाजी पार्कवर शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार झाले. राज्याच्या भाषेत ‘भारतरत्न’ आणि ‘यांचे’ हे शब्द होते. बोलण्यात तीन रूपे होती : ‘लतादीदी गेल्या’, ‘दीदी गेली’, आणि रेडिओवर तिला प्रथम ऐकलेल्या पिढीचे ‘लता गेली’. तिसरे रूप आज अनेकांना खटकते. परंतु ते बोलणाऱ्याचे वय सांगते, बेअदबी नव्हे. ज्यांनी तिचा आवाज ऐकला तेव्हा ती विशीतली होती आणि आपणही विशीत होतो, त्यांना मध्यंतरीची सत्तर वर्षे आणि तिचे सारे सन्मान त्या एका क्रियापदाने पुसून टाकता आले. तिच्या अस्थी नाशिकच्या रामकुंडात विसर्जित झाल्या. मुंबईतील किती तरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या अस्थी घेऊन कसारा घाटानेच रामकुंडाकडे जात आली आहेत. घाटाखालच्या लोकांना या प्रवासाचे नवल नाही.

लिंगभेदाचा मुद्दाही दृष्टिआड करता येणार नाही. १९८६ च्या मार्चमध्ये काशिनाथ घाणेकर गेले आणि डिसेंबरच्या १३ तारखेस स्मिता पाटील गेली. मी आत्ता लिहिलेले हे वाक्यच बोलके आहे. आडनावासह पुरुषाला ‘गेले’ आणि स्त्रीला ‘गेली’ असे लिहिताना लेखणी सहज पुढे सरकते. अर्थात स्मिता पाटील केवळ ३१ वर्षांची होती, आणि अकालमृत्यूचा शोक एकेरीकडेच झुकतो. तरीही भक्ती बर्वे ५२व्या वर्षी अपघातात गेली तेव्हाही (२००१) बोलण्यातले रूप बव्हंशी तेच राहिले. तेव्हा स्त्री-कलावंताविषयीच्या एकेरीत जवळीक किती आणि सवयीची असमानता किती, हे प्रत्येक ठिकाणी निराळे तपासावे लागेल. कसाऱ्याच्या परिसरात स्मिता पाटीलच्या स्मृतीला आणखी एक पदर आहे. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी काढलेल्या ‘जैत रे जैत’ (१९७७) मधील तिची चिंधी ही ठाकर स्त्री आहे. कथा कर्नाळ्याच्या परिसरातली, म्हणजे रायगडातली. पण ज्या समाजाचे चित्रण आहे तो शहापूर-मुरबाडच्या डोंगरांतही राहतो. आपल्यासारखी नेसलेली, आपले नाव धारण केलेली बाई पडद्यावर पाहणाऱ्याचा शोक शहरी रसिकाच्या शोकाशी एकरूप असेल, असे गृहीत धरता येत नाही.

मृत्युवाचक विशेषणांत धर्मही बोलतो. कैलासवासी, वैकुंठवासी, ख्रिस्तवासी, पैगंबरवासी असे ‘वासी’ मराठीत आहेत. १९६९ मध्ये अपघातात गेलेले शाहीर अमर शेख जन्माने मुसलमान, विचाराने साम्यवादी आणि वाणीने सबंध महाराष्ट्राचे होते. त्यांना यांपैकी कोणता ‘वासी’ लावावा? श्रोत्यांनी ‘शाहीर गेले’ म्हटले आणि प्रश्नच उद्भवला नाही. बौद्ध वस्त्यांत याहून स्वतंत्र शब्दसंपदा आहे : मृत व्यक्ती ‘कालकथित’, शोकसभा ‘पुण्यानुमोदन’, आणि श्रद्धांजलीच्या जागी ‘अभिवादन’. वामनदादा कर्डक (१५ मे २००४) आणि विठ्ठल उमप यांच्यासाठी हे शब्द योजले जातात तेव्हा शोक करणारा एका गायकाबरोबर एका चळवळीचेही नाव घेत असतो. उमप तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच कोसळले.

हा सारा शोक एकतर्फी आहे, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. कलावंताला रसिक ठाऊक नसतो; मग दादा कोणाचा आणि दीदी कोणाची? डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच रेडिओ व दूरचित्रवाणी यांमुळे निर्माण होणाऱ्या अशा दुरस्थ जवळिकीचे वर्णन केले आणि तिच्यातील परस्परतेचा अभाव दाखवून दिला. पण भाषेच्या बाजूने पाहता एकतर्फीपणा हा आक्षेप ठरत नाही. मृताविषयीचे प्रत्येक वाक्य एकतर्फीच असते, स्वतःच्या आईविषयीचेसुद्धा. रसिकाच्या शोकात निराळे असेल तर ते काळाचे रूप. गेलेल्या आईचा आवाज ‘होता’. लताचा आवाज, ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशीही, ‘आहे’. ‘काय गात होती’ आणि ‘काय गाते’ ही दोन्ही वाक्ये एकाच श्वासात येतात आणि कोणालाही विसंगती जाणवत नाही. व्यक्तीसाठी भूतकाळ आणि कलेसाठी वर्तमान, अशी ही वाटणी कोणीही न शिकविता होते.

अडचण उद्भवते ती शोकसभेत आणि वर्गात. कसाऱ्याकडून येणारा एखादा विद्यार्थी महाविद्यालयाच्या शोकसभेत बोलावयास उभा राहतो, आवडत्या नटाविषयी ‘गेला’ म्हणतो, आणि पुढच्या रांगेतून कोणी तरी हलक्या आवाजात ‘गेले’ अशी दुरुस्ती करते. विद्यार्थी लगेच ‘गेले’ म्हणतो; मग ‘निधन’ म्हणतो; मग ‘पोकळी’ म्हणतो; आणि तीन वाक्यांत त्याचे भाषण इतर सर्वांच्या भाषणासारखे होते. दुरुस्ती करणाऱ्याला वाटते की त्याने मृताचा मान राखला. वस्तुतः त्या विद्यार्थ्याने आपल्या बापासाठी जे रूप वापरले असते तेच नटाला दिले होते, आणि ते त्याच्याकडून काढून घेण्यात आले. लेखी श्रद्धांजलीत हे आणखी पूर्णपणे घडते, कारण तेथे संपादकाच्या लेखणीखालून एकही एकेरी रूप सुटत नाही. परिणामी भविष्यातील अभ्यासकाला छापील पुराव्यावरून असे वाटेल की सबंध महाराष्ट्राने आपल्या कलावंतांचा शोक ‘यांचे दुःखद निधन’ या एकाच वाक्याने केला.

म्हणून या विषयावर संकलन करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रश्नांचा क्रम उलटा ठेवावा. आधी निवेदकाला त्याच्या घरातील मृतांविषयी बोलू द्यावे : आजा, बाप, आई, लहानपणी गेलेले भावंड. कोणासाठी कोणते वचन येते, ‘मेला’ हा शब्द त्याच्या बोलीत तुच्छतेचा आहे की साधा, नावाला कोणता प्रत्यय लागतो, हे टिपून घ्यावे. गावातला ढोलकीवाला किंवा तारपावाला गेला तेव्हा लोक काय म्हणाले, हेही विचारावे; त्याच्यासाठी ‘निधन’ हा शब्द कोणी वापरला होता का, याचे उत्तर बहुधा लगेच मिळेल. नंतरच लक्ष्या, दादा वा लता यांचे नाव काढावे, आणि ध्वनिमुद्रण सुरू असताना आपण स्वतः कोणते रूप उच्चारतो इकडे लक्ष ठेवावे, कारण प्रश्नकर्त्याने ‘लक्ष्मीकांत बेर्डे गेले तेव्हा’ अशी सुरुवात केली की निवेदक त्याच वाटेने जातो. मुरबाड तालुक्यात पौषी पौर्णिमेपासून भरणाऱ्या म्हसा यात्रेचे दिवस या कामाला चांगले. तमाशाच्या कनातीबाहेर बसलेली वयस्कर माणसे गेलेल्या कलावंतांविषयी कोणी न विचारताच बोलू लागतात.